विश्रांती घेतली की जास्त आखडतं

पत्र मोठं होतं. थोडं आटोपशीर करून, पण त्याच्याच शब्दांत देते आहे:

‘ताई, मी २६ वर्षांचा आहे. मूळ बार्शीचा, चाकणला एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. तीन वर्षं झाली, कंबर दुखते. रात्री तीन-साडेतीनला जाग येते, कूस बदलता येत नाही. उठून खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारल्या की बरं वाटतं. सकाळी मोजे घालायला वाकता येत नाही, आणि अकरा वाजेपर्यंत मी मोकळा होतो. मग लोकांना वाटतं मी नाटक करतो. कधी उजव्या कुल्ल्यात दुखतं, कधी डाव्या. आधी एका डॉक्टरांनी मणक्यात गॅप आहे म्हणून सांगितलं, पट्टा दिला आणि महिनाभर बेडरेस्ट. रजा टाकून गावी झोपून राहिलो, आणि त्या महिन्यात सगळ्यात जास्त आखडलो. मागच्या दिवाळीनंतर एक डोळा लाल झाला, उजेड सहन होईना. डोळ्यांच्या डॉक्टर मॅडमनी तपासता तपासता विचारलं, “पाठ दुखते का रे?” त्यांनीच संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलं. एमआरआय झाला, एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह आली. अँकायलोजिंग स्पॉन्डिलायटिस म्हणाले. गोळ्या दिल्यात, रोज घ्यायच्या. फरक नाही पडला तर इंजेक्शन. मी मोबाइलवर वाचलं की कणा बांबूसारखा होतो. त्या दिवसापासून झोप नाही. मामा म्हणतात पेनकिलर रोज खाऊन किडनी घालवशील, एक जण मणका बसवून देतो त्याच्याकडे जाऊ. आई म्हणते स्थळं बघायला लागलोय, कुठे बोलू नकोस. ताई, मी वाकडा होणार का?’

तुझ्या पत्रातल्या एका वाक्याखाली मी पेन्सिलने रेघ ओढली आहे. ‘झोपून राहिलो, आणि त्या महिन्यात सगळ्यात जास्त आखडलो.’ तुझं निदान त्या वाक्यातच होतं, एमआरआयच्या आणि रक्ताच्या रिपोर्टच्या कितीतरी आधी. तुला कुणी नीट विचारलं असतं तर तू तीन वर्षांपूर्वीच सांगितलं असतंस. त्या डोळ्यांच्या मॅडमनी विचारलं. त्यांना माझा नमस्कार सांग.

मी २२ वर्षं साताऱ्यात फिजिओथेरपी करते. औषधं लिहून देणारी डॉक्टर मी नव्हे, तेव्हा गोळ्या-इंजेक्शनांबद्दल जे सांगेन ते तुझ्या डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावं एवढ्यासाठी. व्यायामाबद्दल मात्र अधिकाराने बोलणार आहे.

आधी कंबरदुखीच्या दोन जाती समजून घे. एक नेहमीची. पोतं उचललं आणि चमक भरली, किंवा दिवसभर मोटारसायकल चालवली आणि संध्याकाळी ठणका लागला. आडवं झालं की ती उतरते, सकाळी माणूस त्यातल्या त्यात बरा असतो. दुसरी तुझी. ती आडवं झालं की चढते. पहाटे उठवते, सकाळी अर्धा तास, तास, कधी त्याहून जास्त वेळ अंग लाकडासारखं ठेवते, आणि हालचाल सुरू झाली की हळूहळू सोडते. चाळिशीच्या आत सुरू होते, तीही कुठल्या झटक्याने नाही, नकळत. आज या कुल्ल्यात, उद्या त्या. पहिल्या जातीला चार दिवस विश्रांती चालते. दुसरीला विश्रांती दिली की ती घट्ट बसते. तुला पहिलीचा उपाय दुसरीवर दिला गेला, आणि आपल्याकडे हे इतक्या वेळा होतं की निदान व्हायला वर्षं जातात. त्यात तुझी काही चूक नाही. अकरानंतर मोकळा होतोस म्हणून ज्यांना ते नाटक वाटलं, त्यांनी या आजाराचं मुख्य लक्षणच डोळ्यांनी पाहिलं होतं.

गोंधळात आणखी भर नावाने घातली आहे. आपल्याकडे मान दुखणारा प्रत्येक जण ‘मला स्पॉन्डिलायटिस आहे’ म्हणतो. कॉलर लावलेल्या आत्या, बँकेतले साहेब, शिवणकाम करणारी शेजारीण, सगळ्यांना स्पॉन्डिलायटिस. त्यांना असते ती वयाने होणारी मणक्यांची झीज, तिचं खरं नाव स्पॉन्डिलोसिस. तुझ्या आजाराचा त्या झिजेशी संबंध नाही. तुझा आजार दाहाचा आहे. शरीराची संरक्षण यंत्रणा जी जंतूंवर सोडायची ती चुकून स्वतःच्या सांध्यांवर सुटली आहे. म्हणून ‘अमक्यालाही होता, शेकून बरा झाला’ हे तुला घरोघर ऐकायला मिळेल तेव्हा वाद घालत बसू नकोस. त्यांचा आजार वेगळा, एवढं तुझ्या मनाशी पक्कं असलं की पुरे.

आत काय चाललंय ते सांगते. कमरेच्या खाली, पाठीमागे दोन बाजूंना दोन खळ्या दिसतात बघ. साधारण तिथेच, आत खोल, कण्याचा शेवटचा भाग खुब्याच्या पसरट हाडाला जोडला जातो. दाह बहुधा तिथून सुरू होतो. म्हणून कुल्ल्यात दुखतं, आणि म्हणून ते सायटिका समजलं जातं. तिथून तो मणक्यांच्या कडांवर चढतो, जिथे अस्थिबंध (लिगामेंट) हाडाला चिकटतात त्या जागांवर. टाचेतही तशी एक जागा असते, सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाच दुखत असेल तर तेही डॉक्टरांना सांग. दाह बराच काळ राहिला की शरीर त्या जागी डागडुजी करायला जातं आणि नको तिथे हाड उगवतं. दोन मणक्यांच्या मध्ये असा हाडाचा पूल झाला की तेवढा कणा वाकायचा थांबतो. एकावर एक असे बरेच पूल झाले की एक्स-रेत तो बांबूच्या पेरांसारखा दिसतो. तू मोबाइलवर पाहिलास तो हाच.

पण तो फोटो अनेक वर्षं दाह तसाच चालू राहिलेल्या कण्याचा आहे. या आजाराचा प्रत्येक माणूस तिथे पोचत नाही. अनेकांचा दाह कमरेच्या सांध्यांपाशीच राहतो. तुझा आजार एमआरआयमध्ये दिसला, म्हणजे हाडातली सूज दिसली. साध्या एक्स-रेत खुणा उमटायला कित्येकदा वर्षं लागतात. सूज हे अजून चालू असलेलं काम आहे, ते थांबवता येतं. उगवलेलं हाड परत काढता येत नाही. म्हणून तुझं वय आणि ही वेळ, दोन्ही मला मोलाची वाटतात.

आता बी२७, म्हणजे तुझ्या रिपोर्टमधली एचएलए-बी२७, आईवडिलांकडून येणारी एक जनुकीय खूण. हा आजार असलेल्या दहांतल्या आठ-नऊ जणांत ही खूण सापडते, हा संबंध १९७३ मध्ये लक्षात आला. पण उलटीकडून बघ. ज्यांच्यात ही खूण आहे अशांपैकी दहांत एकापेक्षाही कमी जणांना हा आजार होतो, बाकीचे आयुष्यभर पाठीचा विचारही न करता जगतात. म्हणजे तो रिपोर्ट एकटा काहीच सांगत नाही. तुझ्या बाबतीत तो रात्रीच्या दुखण्यासोबत, डोळ्यासोबत आणि एमआरआयसोबत आला म्हणून त्याला अर्थ. आणि ज्या कुणाची खूण निगेटिव्ह आली, सीआरपी, म्हणजे रक्तातून दाह दाखवणारा आकडा, तोसुद्धा नॉर्मल आला, पण दुखणं हुबेहूब तुझ्यासारखं आहे, त्यांनी तेवढ्यावरून सुटलो असं समजू नये.

इथे थोडं थांबून हे सदर वाचणाऱ्या बायकांसाठी. हा ‘तरुण मुलांचा आजार’ म्हणून प्रसिद्ध आहे, आणि त्यामुळे तुमच्या पहाटेच्या कंबरदुखीला ‘बाळंतपणानंतर होतंच’ म्हणून वाटेला लावलं जातं. माझ्याकडे एक शिक्षिका डिंकाचे लाडू आणि शेक-शेगडीत सात वर्षं काढून आल्या होत्या. बाळ शाळेत जायला लागलं तरी पहाटे चारला उठून ओट्याला धरून उभं राहावं लागत असेल, तर ते बाळंतपणाचं नव्हे. संधिवाततज्ज्ञांना दाखवा.

तुझ्या मामांचं ऐकू या. रोज पेनकिलर खाऊन किडनीवर परिणाम होऊ शकतो हे खरं आहे, आणि ते तुझ्या काळजीने बोलताहेत. पण तुला दिलेली गोळी, मग ती नॅप्रोक्सेन असो, इटोरिकॉक्सिब असो की इंडोमेथासिन, नुसती दुखणं मारत नाही. ती दाह कमी करते. डोकेदुखीला घेतो तशी ‘फार झालं की एक’ घेऊन तिचा गुण कळतच नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या पूर्ण मात्रेत, रोज, दोन ते चार आठवडे घेतली म्हणजे कळतं की ही लागू पडते की नाही. एक नाही पडली तर दुसरी देऊन बघतात. कित्येकांचं भागतं ते या गोळ्यांवरच. मामांची भीती रास्त आहे, तेव्हा तिचा उपयोग करून घे: मधून मधून क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी) आणि रक्तदाब तपासून घे, पोटात जळजळ होत असेल किंवा शौचाला काळी होत असेल तर लगेच सांग, आणि मेडिकलमधून आणखी एखादी दुखण्याची गोळी आणून वर घेऊ नकोस. किडनी बिघडलेली मी पाहिली आहेत ती माणसं बहुतेक अशी, की तीन दुकानांतून तीन नावांची एकाच जातीची औषधं घेणारी. ‘वातावर रामबाण’ म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासूनही लांब राहा. त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. आठ दिवसांत माणूस नाचायला लागतो, आणि पुढे हाडं ठिसूळ होतात, साखर चढते. या आजारात कण्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ देतच नाहीत. मेथोट्रेक्सेटबद्दलही कुणीतरी सांगेल, आमवाताच्या रुग्णांना ते चांगलं लागू पडतं म्हणून. कण्याच्या दाहावर ते चालत नाही.

दोन प्रकारच्या गोळ्या पूर्ण मात्रेत घेऊनही सकाळ तशीच राहिली, तर इंजेक्शन. त्याला घाबरू नकोस, आणि तो ‘शेवटचा उपाय’ आहे असंही समजू नकोस. ही बायॉलॉजिक औषधं दाह पेटवणारा एखादा नेमका निरोप्या अडवतात. अॅडालिमुमॅब आणि इटानरसेप्ट टीएनएफ नावाच्या निरोप्याला, सेक्युकिनुमॅब आयएल-१७ला. इटानरसेप्टला अमेरिकेत या आजारासाठी मान्यता मिळाली २००३ मध्ये. म्हणजे माझी प्रॅक्टिस सुरू झाली तेव्हा साताऱ्यात हे कुणाच्या बोलण्यातही नव्हतं. किंमत ही खरी अडचण होती, अजूनही आहे, पण २०१४च्या अखेरीस अॅडालिमुमॅबचं भारतीय बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच काम करणारं इथलं औषध, आलं आणि तेव्हापासून दर बरेच उतरले. टोफासिटिनिबसारख्या गोळ्याही आता आहेत, त्या भारतीय कंपन्यांच्याही मिळतात. त्यांचे धोके वेगळे, धूम्रपान करणाऱ्यांना जास्त, ते डॉक्टरांना विचार. खर्चाचं मोकळेपणाने बोल. ‘महिन्याला मला एवढेच जमतील’ हे पहिल्या भेटीत सांगितलंस तर डॉक्टर त्यात बसेल असा मार्ग आखतील. न सांगता तीन इंजेक्शनं घेऊन चौथं बंद करणारे रुग्ण मी फार पाहिलेत.

इंजेक्शनच्या आधी दोन गोष्टी विसरू नकोस. पहिली, क्षयाची तपासणी. आपल्यातल्या पुष्कळांच्या शरीरात क्षयाचे जंतू झोपलेले असतात, आणि त्यांना कोंडून ठेवण्यात टीएनएफचा मोठा हात असतो. तो अडवला की ते उठू शकतात. म्हणून छातीचा एक्स-रे आणि त्वचेची किंवा रक्ताची चाचणी आधी करतात, गरज पडली तर आधी क्षयप्रतिबंधक औषध देतात. घरात कुणाला पूर्वी क्षय झाला असेल तर लाजू नकोस, सांग. दुसरी, तुझा डोळा. डोळ्यात आतली सूज येऊन गेलेल्या माणसाला सगळी इंजेक्शनं सारखी उपयोगी पडत नाहीत. डॉक्टरांच्या फाइलीत ते असेलच, तरी तोंडाने आठवण कर.

डोळ्याबद्दल आणखी. या आजारात साधारण चारांतल्या एकाला कधी ना कधी असा डोळा येतो आणि परत परत येऊ शकतो. लाल, दुखरा, उजेड न सोसणारा डोळा हे डोळे येणं समजून मेडिकलमधले थेंब टाकायचे नाहीत. त्याच दिवशी, रविवार असला तरी, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. उशीर केला तर नजरेवर जाऊ शकतं.

आता माझ्या कामाचं.

गोळी दाह कमी करते. ती कणा हलवत नाही. व्यायाम कणा हलता ठेवतो, पण पेटलेला दाह त्याने विझत नाही. ही दोन वेगळी कामं आहेत. गोळीने बरं वाटलं म्हणून व्यायाम सोडणारे, आणि योगावर विश्वास आहे म्हणून गोळी सोडणारे, दोघेही माझ्याकडे वर्षा-दोन वर्षांनी सारखेच ताठ होऊन परत आले आहेत. आजवर मला या आजाराबद्दल एकच गोष्ट छातीठोकपणे सांगता येते, ती ही.

मला एक काका आठवतात. निवृत्त पोस्टमन. त्यांना पंचविशीत दुखायला लागलं, आणि त्या काळी त्यांना सांगितलं गेलं की आराम करा. ते दोन उशा घेऊन, गुडघे पोटाशी घेऊन झोपायचे, कारण तसं कमी दुखायचं. कणा त्याच आकारात धरला. माझ्याकडे आले तेव्हा रस्ता ओलांडताना ते मान वळवू शकत नव्हते, आख्खे फिरायचे. फळीवरचा डबा काढायला बायको लागायची. ‘बाई, मला आता समोरच्याच्या गुंड्या दिसतात, चेहरा नाही,’ असं म्हणाले होते. हे तुला घाबरवायला सांगत नाही. तुझ्या हातात जे आहे ते त्यांच्या हातात कुणी दिलं नव्हतं म्हणून सांगते. दाह ज्या आकारात कणा धरेल तो आकार सरळ असावा, आणि शक्यतो त्याने धरूच नये, यासाठी रोजची अर्ध्या-पाऊण तासाची मेहनत आहे.

उशी एकच, तीही पातळ. गादी खाली जाणारी नको. कॉटवरची स्पंजची गादी काढून कापसाची घातलीस तर उत्तम. सकाळी उठल्या उठल्या व्यायाम जमणार नाही, अंग तयारच नसतं. आधी गरम पाण्याने अंघोळ कर, पाणी पाठीवर जरा जास्त वेळ घे, मग चटई घाल.

पालथं झोपणं हा माझा सगळ्यात आवडता व्यायाम, कारण त्यात काही करायचंच नसतं. दिवसातून दोनदा, १५-२० मिनिटं, चटईवर, उशी न घेता, मान आलटून पालटून एका बाजूला. खुब्याचा पुढचा भाग ताणला जातो, कण्याला सरळ व्हायची आठवण राहते. सुरुवातीला पाच मिनिटंही नको होतील. मग पोटाखाली घडी केलेला टॉवेल ठेव आणि तेवढीच कर. मोबाइल बघायचाच असेल तर कोपरांवर टेकून बघ, तोही एक व्यायाम झाला. त्यानंतर भुजंगासन, हळू, जेवढं सहज जाईल तेवढंच. मांजरासारखी पाठ वर-खाली करणं, दोन्ही बाजूंना वळणं, मान चारही दिशांना फिरवणं. पुढे वाकून पायाचे अंगठे धरायची हौस मात्र ठेवू नकोस. तुझ्या कण्याला पुढे जायची ओढ आपोआपच आहे, आपण त्याला मागे बोलावायचं आहे.

श्वासाकडे कुणी लक्ष देत नाही. बरगड्या मागे मणक्यांना जिथे जोडतात तिथेही दाह होतो, मग छाती फुलायची कमी होते आणि शिंक आली तरी कळ येते. छातीवर दोन्ही तळवे ठेवून खोल श्वास, बरगड्या तळव्यांना ढकलताहेत असं जाणवेपर्यंत. दहा वेळा. प्राणायाम येत असेल तर तोच कर, फक्त पाठ सरळ ठेवून. चाकणच्या आसपास कुठे जलतरण तलाव असेल तर आठवड्यातून दोन दिवस जा, पाण्यात कणा सगळ्या बाजूंनी हलतो आणि त्यावर वजन येत नाही.

कंपनीत तासन् तास एका जागी उभं राहून किंवा वाकून तपासणी करत असशील. दर अर्ध्या तासाने दोन मिनिटं चाल, हात डोक्यावर ताण. सुपरवायझरला डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून हे एकदा बोलून घे, लपून करावं लागू नये. पट्टा काढून ठेव, त्याने कणा आणखी आळशी होतो. रात्री तीनला जाग आली तर पडून सहन करू नकोस, फेऱ्या मारायची तुझी सवय बरोबर होती, तुझ्या शरीराने ती स्वतःच शोधली.

आणि ते मणका बसवणारे. इथे मी हात जोडून सांगते, जाऊ नकोस. मान मोडून, कट्ट आवाज काढून, पाठीवर गुडघा ठेवून काहीही करून घ्यायचं नाही, मग तो हाडवैद्य असो की चकचकीत क्लिनिकमधला. दाह असलेल्या कण्यातली हाडं आतून विरळ होत जातात आणि जुळलेला भाग लवचीक राहत नाही. तो खडूसारखा मोडू शकतो, आणि त्याच्या आत मज्जारज्जू आहे. अंगाला हलक्या हाताने तेल लावून घ्यायला माझी ना नाही, बरं वाटतं. गाडीवरून पडलास, किंवा न पडताही एकाएकी वेगळंच, तीव्र दुखायला लागलं, तर ‘नेहमीचंच’ म्हणून सोडू नकोस, त्याच दिवशी तपास.

सिगारेट ओढत असशील तर सोड. या आजारात धूम्रपान करणाऱ्यांचा कणा लवकर जुळतो. खाण्याबद्दल फार डोकं लावू नकोस. दही बंद, आंबट बंद, डाळ वातूळ म्हणून बंद, असं करत करत लोक प्रथिनं आणि कॅल्शियम बंद करून बसतात, आणि इथे तर हाडं सांभाळायची आहेत. वजन आटोक्यात ठेव, ड जीवनसत्त्व तपासून घे, बाकी घरचं जेवण जेव. पोट सतत बिघडत असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा त्वचेवर पांढरट पापुद्र्यांचे चट्टे असतील तर ते डॉक्टरांना सांग. आतड्याचा दाह आणि सोरायसिस या आजाराचे भाऊबंद आहेत.

थकव्याबद्दल तू लिहिलं नाहीस, पण असणार. दाहाने माणूस ताप आल्यासारखा गळून जातो. त्याला आळस म्हणू नकोस, दुसऱ्या कुणाला म्हणूही देऊ नकोस.

आईचं. त्यांच्या जिवाची घालमेल मला कळते. स्थळाला ‘मुलाला आजार आहे’ सांगितलं की दार बंद होईल ही भीती काही खोटी नाही, काही दारं बंद होतीलही. पण तू पहाटे साडेतीनला उठून फेऱ्या मारणारा माणूस आहेस. ज्या मुलीच्या शेजारी तू झोपणार आहेस तिला पहिल्या आठवड्यात कळेल, आणि तेव्हा तिला आजारापेक्षा लपवाछपवी जास्त लागेल. पहिल्या फोनवर सांगायची गरज नाही. दोघांचं बोलणं पुढे जातंय असं वाटलं की मुलीला तू स्वतः सांग, मध्यस्थामार्फत नको. सांगताना जे खरं आहे ते सगळं सांग: आजार आहे, आयुष्यभर राहील, औषध आहे, मी नोकरी करतो, मूल होण्यात यामुळे अडचण येत नाही. मुलाला आजार जाईल का, हा प्रश्न येईल. तुझ्याकडून ती खूण बाळाकडे जायची शक्यता निम्मी, आणि गेली तरी बहुतेक मुलांना आजार होत नाही. बाळाचा विचार करायच्या आधी तुझी औषधं डॉक्टरांना एकदा दाखवून घ्यायची, काही बदलावी लागतात. आईंना पुढच्या तपासणीला सोबत घेऊन जा. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की त्यांचा धीर वाढेल.

तू वाकडा होणार का? आज सुरुवात केलीस, दाह आटोक्यात ठेवलास आणि कणा हलवत राहिलास, तर न होण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे. हमी कुणीच देऊ शकत नाही, मीही देणार नाही. पण ते मोजता येतं. शिंप्याकडे असते तशी टेप आण आणि एक वही कर. भिंतीला टाचा आणि पाठ लावून, हनुवटी न उचलता उभा राहा. डोक्याचा मागचा भाग भिंतीला टेकतो का? टेकत नसेल तर मध्ये किती बोटं जातात ते लिही. मग टेप निपलच्या थोडी खाली छातीभोवती गुंडाळून पूर्ण श्वास सोडून एक आकडा घे, पूर्ण श्वास भरून दुसरा. दोन्हींतला फरक लिही. जुन्या निकषांत हा फरक अडीच सेंटिमीटर किंवा कमी असला की तो आखडल्याची खूण धरत. हे महिन्यातून एकदा, त्याच वेळेला, दुपारी.

त्याच पानावर सहा गोष्टींना ० ते १० मध्ये गुण दे, मागच्या आठवड्यापुरते: थकवा, मान-पाठ-कंबरेचं दुखणं, बाकी सांध्यांचं दुखणं किंवा सूज, दाबलं की दुखणाऱ्या जागा, सकाळचा ताठरपणा किती, आणि किती वेळ टिकतो (इथे दोन तास म्हणजे १०). हे सहा प्रश्न इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या संधिवाताच्या रुग्णालयात तयार झाले, १९९४ पासून जगभर वापरतात. पहिल्या चारांची बेरीज कर, शेवटच्या दोघांची सरासरी त्यात मिळव आणि पाचाने भाग. चार किंवा जास्त आलं की आजार अजून चालू आहे. तुझे डॉक्टर इंजेक्शनचं ठरवतील तेही बहुधा याच आकड्याकडे बघून, आणि ‘बरं वाटतंय’ किंवा ‘दुखतंय’ यापेक्षा त्यांना याचा उपयोग जास्त होईल.

पहिलं पान या रविवारी भर. तारीख घाल, गोळी किती दिवस सलग घेतलीस तेही लिही. पुढच्या तपासणीला वही आईच्या पिशवीत दे, म्हणजे घरी राहणार नाही.